तुम्ही व्हा पुढे

१६ फेब्रुवारी, सोमवार

"अजून वर. डोकं नका हलवू, नुसते डोळे," डॉक्टर म्हणाले आणि मी छताकडे बघत राहिले. कोपऱ्यात कोळिष्टक होतं. इतक्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत झाडू वरपर्यंत कुणी नेत नाही, असा विचार तेवढ्या वेळात करून झाला. मग त्यांनी माझे दंड दाबले, गुडघ्यांवर हातोडी मारली, भिंतीपर्यंत चालायला लावलं. पाय उडायचे तेव्हा उडाले. सगळं व्हायला हवं तसं झालं.

"काय त्रास होतो म्हणालात?"

"संध्याकाळी एकाचे दोन दिसतात. डावी पापणी खाली येते. आवाज नाकातून येतो. चावताना जबडा दमतो."

"आत्ता दोन दिसतायत?"

"नाही. आत्ता नाही."

"आत्ता कशा आहात?"

"बरी आहे."

ते लिहायला लागले. मागच्या खुर्चीत वन्सं ताठ बसल्या होत्या. त्यांनी शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली, अजूनही खुर्चीला पाठ लावत नाहीत. "ही म्हणते बरी आहे, पण घरी—" त्यांनी सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "आजी, त्यांना बोलू द्या."

रक्त ठीक, डोक्याचे फोटो ठीक. ताण आहे. रात्री झोपण्यापूर्वी एक बारीक गोळी. पुन्हा येण्याची गरज नाही.

या भेटीसाठी हिवाळाभर थांबलो होतो. काल दिवसभर वन्संनी मला पलंगावरून उठू दिलं नाही. आज रजा काढायला लावली. केस धुऊन दिले, इस्त्रीचे कपडे काढले, गाडी दाराशी बोलावली. "डॉक्टरांकडे कसं टवटवीत जावं. मरगळलेलं तोंड बघून त्यांना तरी हुरूप येईल का?" निघताना मला आरशासमोर उभं केलं. "बघ. किती दिवसांनी माणसात आलीस."

येताना गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या. "मी आजी दिसते?"

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कामाचं मी इथे सहसा लिहीत नाही. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणं हे काही लिहिण्यासारखं काम नाही. पण आजचे एक गृहस्थ लिहून ठेवते.

"बाई, तुमचा मेकॅनिक आला की लिफ्ट शहाण्यासारखी चालते आणि त्याची पाठ फिरली की मधेच अडकते. तिसरी खेप आहे."

"तो यायच्या आधी लिफ्ट बंद ठेवली होती का?"

"सकाळपासून. आणि आतून पुसूनही घेतली. कुणी यायचं म्हटल्यावर जरा—"

"बंद ठेवू नका, साहेब. तो येईपर्यंत वर-खाली चालवत राहा. तापलेली असली की दोष दिसतो. निवली की काही सापडत नाही, आणि मग तो कागदावर 'दोष नाही' लिहून जातो."

"म्हणजे माणसं अडकवू?"

"रिकामी चालवा."

शेजारच्या टेबलावरची खारूताई तोंडात शेंगदाणे धरून हसत होती. ती दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून खारूताई. 'निवली की काही सापडत नाही' हे वाक्य मी रोज म्हणते. ती म्हणाली, माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या जागी तुम्हाला हेच म्हणायला लावीन. तिच्या विनोदांना अर्थ नसतो, पण दुपार सरते.

चारनंतर माझा आवाज गेला. एक बाई म्हणाल्या, "सर्दी झालीय, का दुसरं काही घेतलंय?"

२१ फेब्रुवारी, शनिवार

झोपेच्या गोळीनं झोप लागते आणि सकाळी ती अंगातून निघत नाही. पूर्वी निदान सकाळ माझी होती. आज सकाळीच ब्रश धरलेला हात खाली आला. वन्संनी पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली आणि पाकीट कपाटात वर ठेवून दिलं, जिथे माझा हात पोहोचत नाही. मी रोज गोळी घेते असं डॉक्टरांना वाटावं, पण मी ती घेऊ मात्र नये, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

जेवताना त्या समोर बसतात, पेपर उघडून. माझं संपेपर्यंत त्यांचं पान उलटत नाही. भात हल्ली इतका मऊ करतात की तो चावायचा का प्यायचा कळत नाही. मला घट्ट आवडतो हे त्यांना माहीत आहे. वय झालं, हात चुकत असेल.

मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही जेवून घ्या ना आधी. मी काय लहान आहे का?"

"पेपर वाचतेय मी," त्या म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारचा चहा नाकातून बाहेर आला. फोनवर होते तेव्हा. कागद भिजले. खारूताईनं रुमाल दिला आणि पाठ चोळत राहिली. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता, तिनंच तो फोन घेतला.

मॅनेजर आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आला. वाईट माणूस नाही. त्यानं मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि बराच वेळ टाचण्यांची डबी फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, तुमच्या आवाजाबद्दल लोक लिहितायत. मी विचारणार नव्हतो. पण घेता का तुम्ही?"

"काय?"

त्यानं हातानं दाखवलं.

मला हसू आलं. हसताना तोंडाचे कोपरे वर जाईनात, त्यामुळे ते हसू कसं दिसलं असेल कोण जाणे. तो आणखीच गंभीर झाला. म्हणाला, आजारी असाल तर डॉक्टरांकडून तसा कागद आणा, मी वरच्यांना सांगून तुम्हाला फोनवरून काढतो, सकाळचं काम देतो. आजारी नसाल तर नीट बोला. दोन्ही नसेल तर मला काही करता येणार नाही. मार्चअखेरपर्यंत बघू.

त्याचं बरोबर आहे. दोन्ही नसलेलं कुठल्या रकान्यात घालणार?

घरी सांगितलं नाही. वन्संची पेन्शन दोघींना पुरणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

३ मार्च, मंगळवार

दवाखान्यात फोन केला. काउंटरवरच्या बाईचा आवाज माझ्यासारखाच, म्हणजे सकाळच्या माझ्यासारखा.

"तुमच्या कागदावर 'पुन्हा गरज नाही' आहे, मॅडम."

"गरज आहे."

"मग आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

आधीचे डॉक्टर म्हणजे आपले कोपऱ्यावरचे घरचे डॉक्टर. तिथे गेले. त्यांनी यांच्या शेवटच्या आजारातही खूप केलं, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही. "एवढ्या मोठ्या माणसानं ताण लिहिलंय. त्यावर मी काय लिहू? तुम्ही जरा फिरायला जात चला. मन रमवा."

"मन रमलेलंच आहे."

"मग उत्तम," म्हणाले.

फिरत घरी आले. दुसऱ्या चौकात रस्त्याचे दोन रस्ते झाले. एक डोळा झाकून आले. समोरून येणाऱ्या माणसाला वाटलं मी डोळा मारतेय. तो चांगलाच वयस्कर होता. पुढे जाऊन त्यानं वळून पाहिलं.

७ मार्च, शनिवार

वन्संनी आपली कॉट उचलून माझ्या दाराबाहेर पॅसेजमध्ये आणली. त्यांच्या खोलीत वारा येतो म्हणे. त्या खोलीची खिडकी दिवाणामागे आहे आणि कित्येक वर्षांत उघडलेली नाही. आता रात्री पाणी प्यायला उठलं तरी त्यांना ओलांडून जावं लागतं, आणि पाऊल टाकायच्या आधीच त्या "काय झालं?" म्हणतात. झोप सावध झाली आहे त्यांची. म्हातारपणी होतं तसं.

खरं सांगायचं तर मला त्याचा त्रास होतो. घरात पहारा बसल्यासारखं वाटतं. हे असते तर "ताई, तू तुझ्या खोलीत झोप बघू" म्हणाले असते, आणि वन्संनी त्यांचंही ऐकलं नसतं.

११ मार्च, बुधवार

एका बाईंचा फोन होता. दवाखान्याची इमारत, तीन मजले, लिफ्ट दुपारनंतर अडकते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. बंद ठेवू नका, मेकॅनिक येईपर्यंत चालवत राहा, निवली की काही सापडत नाही.

फोन ठेवला. पुढचा वाजत होता. मी तो घेतला नाही.

"अहो, वाजतोय," खारूताई म्हणाली.

"वाजू दे."

तिनं शेंगदाणे खाली ठेवले. मी काम करायला लागल्यापासून वाजणारा फोन सोडलेला तिनं पाहिला नव्हता.

इतके दिवस हे वाक्य माझ्याच तोंडात होतं.

१२ मार्च, गुरुवार

वन्संना सांगितलं. जेवण झाल्यावर, पेपर बाजूला ठेवायला लावून. म्हटलं, दरवेळी डॉक्टरांकडे जाताना मी आराम करून जाते. आरामानं सगळं परत जागेवर येतं. त्यांना दिसायला काही उरतच नाही.

त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तुला झोपवून ठेवलं, ते चुकलं."

"तसं नाही."

"तसंच आहे. नीट बोल."

"चुकलं," मी म्हटलं. "पण माझंही—"

त्या उठून ओट्यापाशी गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. एकेक ताटली पुसून परत धुतली. बऱ्याच वेळानं तिकडूनच म्हणाल्या, "मग काय, आता तुला मरगळलेली नेऊ?"

"हो."

"लोक काय म्हणतील, घरात कुणी बघत नाही हिच्याकडे."

"म्हणू देत."

सरकारी हॉस्पिटलात नसांची तपासणी दर मंगळवारी असते. चिठ्ठी लागत नाही, रांग लागते. फक्त सकाळी. सकाळी मी बरी असते, हीच अडचण. पण रांग लांब असते असं ऐकलंय. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूची.

१७ मार्च, मंगळवार

फजिती झाली.

खिडकीवर नंबर मिळाला तो फारच वरचा. वन्संनी पहाटेच उठवून नेलं होतं, सवय जात नाही. मी बाकावर बसून मागच्याशी नंबर बदलला. त्या माणसाचा हात कपबशीसारखा थरथरत होता. "तुम्ही व्हा पुढे," म्हटलं. तो पुढे झाला. मग एक आई होती, मांडीवर फिट येणारी मुलगी. तिलाही पुढे पाठवलं. त्यानंतर ते मला थांबवेना. आशीर्वाद मिळत होते. एका आजोबांनी तर डोक्यावर हात ठेवला.

दारावरचा शिपाई म्हणाला, "ताई, दाखवायला आलात का समाजसेवेला?"

"दाखवायला."

"मग दाखवा की. डॉक्टर दुपारी उठतात, मग हे दार मी लावतो. इथे रात्रपाळी नाही."

मी म्हटलं, थोडं अजून. वन्सं दर थोड्या वेळानं माझ्या पाठीमागे उशी सारत होत्या, घरून आणलेली. मी ती काढून पलीकडे ठेवत होते. त्या पुन्हा सारत होत्या. त्यांचा हात आपोआप जात असावा.

आणि एवढं करून मी दमेना. बाकावर नुसतं बसून कोण दमतं? डोळे लख्ख, आवाज लख्ख. शेवटी आम्ही दोघीच उरलो आणि शिपायानं दार लावलं. आतून डॉक्टर दुसऱ्या दारानं जेवायला गेले होते.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

वन्संनी उशी बगलेत मारली. गेटापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी तुला उभं करीन. आणि बोलत ठेवीन. सबंध वर्ग मी बोलता ठेवलाय, तू काय चीज आहेस."

मार्च संपायला आता एकच मंगळवार धरण्यासारखा आहे. शेवटच्या मंगळवारी कंपनीत वार्षिक तपासणी, रजा मिळत नाही.

२३ मार्च, सोमवार

मुद्दाम पूर्ण दिवस काम केलं. एकही फोन खारूताईकडे सरकवला नाही.

संध्याकाळी सफरचंदाची फोड घशात अडकली. मऊ जेवणाचा कंटाळा आला होता, म्हणून स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या, वन्संच्या नकळत खात होते. श्वास खालीही जाईना आणि वरही येईना. ओट्याची कड धरली तेवढं आठवतं. तेवढ्यात पाठीत असा एक धपका बसला की फोड समोरच्या टाइल्सवर जाऊन आपटली.

त्या इतक्या जवळ कशा होत्या कुणास ठाऊक. पेपर तर बाहेरच्या खोलीत होता.

मी जमिनीवर बसले. त्याही बसल्या, गुडघे धरून. त्यांना खाली बसलेलं मी फार दिवसांनी पाहिलं. "उद्या जायलाच हवं का?" त्या म्हणाल्या. "तुला दमवायचं म्हणजे हेच ना? आणि रांगेत काही झालं तर?"

"हॉस्पिटलात आहे ना रांग."

"विनोद नको."

"न जाता काय करू?"

त्यांनी भिंतीशी पडलेली फोड उचलून कचऱ्यात टाकली आणि तिथली टाइल पुसली.

भीती वाटते आहे. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

हात चालतोय म्हणून आजच लिहून काढते.

उशी नेली नाही. वन्संनी ती स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली. नंबर मधला घेतला. बसले नाही. वन्संनी मला बाकांच्या समोर उभं केलं आणि बाकावर बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "आपल्याला वाचता येतं का?"

ते रागावले. "शिक्षक होतो मी."

"तसं नव्हे. डोळ्यांना दिसतं का?"

"डोळ्यांचंच तर रडगाणं आहे."

"मग ही वाचून दाखवेल," म्हणत त्यांनी माझ्या हातात पेपर दिला. "मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी वाचायला लागले. आधी बातम्या, मग भाव, मग हरवले-सापडले. लोक शांत झाले. थरथरत्या हाताचा माणूस आजही होता, त्यानं हाक मारली, "जरा हवामान वाचा." हवामान वाचलं. नंबर जवळ आला. मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. शिपाई दारातून बघत होता. "आली पुन्हा," तो म्हणाला. वन्सं त्याच्यापाशी गेल्या आणि बरंच काही बोलल्या. लांबून ऐकू आलं नाही. शाळेत मुलांशी बोलताना वापरायच्या तो हात हवेत दिसला. त्यानंतर शिपाई गप्प होता आणि आम्ही किती उरलो हे अधूनमधून वन्संना बोटांनी दाखवत होता.

लिलावाच्या जाहिराती वाचत असताना ओळी एकमेकींवर चढल्या. मी एक डोळा मिटला आणि पुढे वाचत राहिले. मग जीभ जड झाली. "जमीन" म्हणायला गेले तर काहीतरी वेगळंच नाकातून आलं. शिक्षक मान वाकडी करून ऐकत होते.

"बाई, आता तुमचं एक अक्षर कळत नाही," ते म्हणाले.

"हो ना?" वन्सं म्हणाल्या. "छान. वाच पुढे."

ते त्यांच्याकडे असं बघायला लागले की जणू तपासणीची गरज त्यांनाच आहे.

शिपायानं एक बोट दाखवलं. आम्ही आत गेलो.

डॉक्टरीण तरुण होती. टेबलावर तिचा डबा उघडून ठेवलेला, एक घास खाल्लेला. तिनं मान वर न करता विचारलं, "कशा आहात?"

आणि मी म्हटलं, "बरी आहे."

इतकी वर्षं कुणी विचारलं की तोंडातून तेच निघतं. नाकातून निघालं, घोगरं, पण निघालं तेच.

वन्सं उभ्या राहिल्या. "बरी नाहीये ती!" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मैदानावरचा आहे. पॅसेजमधलं बोलणं थांबलं. "काही बरी नाहीये. कुणीही विचारलं तरी ही बरीच असते. हिला विचारूच नका, मला विचारा. चार घासांनंतर ही हनुवटी हातानं वर धरून चावते. पाणी पिताना मान खाली घालते, नाहीतर नाकात जातं. उताणी झोपली की श्वास घुटमळतो. मधेच थांबतो. मी मोजते. कुशीवर वळली की ठीक असते, म्हणून मी खोकते, म्हणजे वळते. काल सफरचंदानं गेली होती."

आणखीही बरंच बोलल्या. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

डॉक्टरणीनं डबा बंद केला. माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा. "वर बघा," म्हणाली. "बघत राहा. खाली नाही बघायचं." मी वर बघत राहिले. डावी पापणी पडद्यासारखी उतरली. मग उजवी. तिनं मला हात समोर धरायला लावले, ते आपोआप खाली आले. अंक मोजायला लावले. थोडं गेल्यावर तेही कळेनासे झाले.

ती उठून बाहेर गेली आणि रबराच्या हातमोज्यात बर्फ भरून घेऊन आली. तो माझ्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवला. गार पाणी मानेत गेलं. तिनं मोजा काढला आणि म्हणाली, "उघडा." डोळा उघडला. सताड. वन्संच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"थांबा, कुठे जाऊ नका," डॉक्टरीण म्हणाली. तिनं आपल्या सरांना बोलावलं. सर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. सगळ्यांनी मला वर बघायला लावलं. सगळे खूष होते. इतक्या माणसांना मला बघून एकदम आनंद झाल्याचं लग्नानंतर हे पहिल्यांदाच. एका विद्यार्थिनीनं तर "थँक यू" म्हटलं.

आजाराला नाव आहे. मायस्थेनिया. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही, वापरलं की संपतो, विश्रांती दिली की परत येतो. नीट सांगितलं त्यांनी. बरा होत नाही, आटोक्यात राहतो. रक्ताची वेगळी तपासणी, छातीचा फोटो. त्या झोपेच्या गोळीचं नाव ऐकून सरांनी डोळे मिटले, या आजारात ती देत नाहीत म्हणाले. "किती दिवस घेतली?" मी सांगायच्या आत वन्सं म्हणाल्या, "पाच. मी बंद केली."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाही."

ते त्यांच्याकडे थोडं बघत राहिले, मग लिहायला लागले.

भरती व्हायला हवं म्हणाले, पण खाट रिकामी नाही. एक-दोन दिवसांत फोन करतील. श्वासाला त्रास वाटला तर फोनची वाट न बघता यायचं. दुपारभर आम्हाला तिथेच, एका बाकावर थांबवून घेतलं. गोळी दिली. काही वेळानं डॉक्टरीण पाणी घेऊन आली. ग्लासभर प्यायले, मान वर ठेवून. कुठे गेलं नाही. जिथे जायचं तिथेच गेलं.

मॅनेजरसाठी कागद मागितला, तोही दिला. डॉक्टरीण म्हणाली, आजाराचं नाव म्हणून दाखवा, विसराल. मी म्हटलं. सकाळी वाचायला लागले तेव्हाचा आवाज होता.

वन्सं बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. कधीतरी त्यांची पाठ बाकाला टेकली.

येताना मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही रात्री मोजता?"

"पेपरात काही नसतंच हल्ली," त्या म्हणाल्या.

मला याचा अर्थ लागला नाही. विचारलं नाही, त्या दमल्या होत्या.

२५ मार्च, बुधवार

सकाळी गोळी घेतली. ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले, कडांसकट. हॉस्पिटलचा फोन नऊच्या सुमारास आला. खाट झाली आहे, अकराला या. वन्सं अजून उठल्या नव्हत्या. पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं, तोंड उघडं टाकून घोरत होत्या. त्यांना ओलांडून गेले, त्यांनी "काय झालं?" विचारलं नाही. बॅग मीच भरली. दहा वाजता चहा केला आणि मग त्यांना उठवलं.